कुंपणाबाहेरून मोजदाद

भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर आपणा सर्वांना ठाऊक आहे ते संभाजीमहाराजांच्या बलिदानामुळे. परंतु त्या गावाच्या नावामागे त्याहून अर्धशतकाने जुनी अशी एक कथा सांगतात. आदिलशाहीतील मुरार जगदेव यांच्या मनात हत्तीची तुला करावयाचे आले. हत्ती तोलील असा काटा आणावयाचा कोठून? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचविली, असे परंपरा म्हणते. हत्तीला नावेत चढविले, नाव जेथवर बुडाली तेथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले आणि ते दगड तोलले. कथेचे अक्षरन् अक्षर खरे की खोटे, या वादात आम्ही आज पडत नाही. आमचे लक्ष आहे ते त्या खुणेकडे. हत्ती काट्यावर चढलाच नाही; त्याने पाण्याशी जे केले ते मोजले गेले.

आज ज्या हत्तीविषयी बोलावयाचे आहे, तो नदीच्या घाटावर उभा नाही. तो कुंपणाआड आहे, आणि त्याचे मालक त्याचे वजन सांगावयास फारसे राजी नसतात. आपण मोबाइलवर फोटो साठवितो, रेल्वेचे तिकीट काढतो, बँकेतून पैसे पाठवितो, तेव्हा दूर कोठेतरी सर्व्हर नावाची यंत्रे चालत असतात. पूर्वी ज्याची त्याची यंत्रे ज्याच्या त्याच्या कचेरीत असत. २००६ साली अॅमेझॉन कंपनीने मार्चमध्ये माहिती साठविण्याची जागा आणि ऑगस्टमध्ये गणनाची यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केला. आपल्या गावात तासावर सायकल भाड्याने मिळत असे, तसे हे तासावर मिळणारे यंत्र. यालाच क्लाउड म्हणतात. नाव मेघाचे असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे: बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती, आत कपाटांच्या रांगा, बाहेर विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ.

ही कोठारे किती, केवढी, आणि किती वेगाने वाढत आहेत? मालक सांगत नाहीत, आणि त्यांची कारणे अगदीच पोकळ आहेत असे म्हणता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याला आपली शक्ती कळू नये आणि जमिनीचे भाव आपल्या नावामुळे चढू नयेत, असे कोणत्या व्यापाऱ्याला वाटत नाही? परंतु विजेचे केंद्र बांधावयाचे ते दहा वर्षे आधी ठरवावे लागते. गावाच्या पाण्याची वाटणी आधी करावी लागते. अंदाज चढा निघाला तर रिकाम्या वीजकेंद्राचा खर्च सामान्य ग्राहकाच्या बिलात येतो, आणि उतरता निघाला तर वीजच अपुरी पडते. म्हणून गेली काही वर्षे काही माणसे कुंपणाबाहेर उभी राहून आतली मोजदाद करीत आली आहेत. त्या मोजदादीचा हा इतिहास आहे.

तो सुरू होतो संगणकाच्याही आधी, १९४३ साली, लंडनमध्ये. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनविते हे दोस्त राष्ट्रांना कळणे अत्यावश्यक होते. युद्धकैद्यांच्या जबान्या, हेरांच्या वार्ता, शत्रूचा स्वतःचा प्रचार, या सर्वांवरून जे आकडे निघत ते फुगलेले असत. आपल्या बखरी वाचणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. बखरकाराच्या लेखणीतून सैन्य लाखांनीच उतरते. दाणावैरणीचे कागद तपासणारा संशोधक मग ते खाली आणतो. लंडनच्या अमेरिकन वकिलातीतील अर्थशास्त्रज्ञांनी नेमके असेच कागद शोधले. जर्मन कारखानदार मोठे शिस्तीचे. ते गिअरबॉक्सवर, इंजिनावर, सांगाड्यावर, टायरांवर ओळीने क्रमांक घालीत. रणांगणावर सापडलेल्या रणगाड्यांवरील हे क्रमांक गोळा करून त्यावरून एकूण उत्पादन काढता येते.

कसे, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. समजा, आपण परगावी उतरलो आणि स्टेशनाबाहेर पाच रिक्षा दिसल्या; त्यांवर अनुक्रमांक १४, २३, ३७, ५२ आणि ६० आहेत. गावात रिक्षा किती? साठांहून कमी नाहीत हे उघड आहे. पण साठच असतील आणि नेमकी शेवटची आपल्यासमोर येऊन उभी राहिली असेल, हेही कठीण. पाच क्रमांक साठांत पसरले आहेत, म्हणजे दोन क्रमांकांत सरासरी बाराचे अंतर. तेवढेच अंतर साठांच्या पुढे धरून त्यातून एक वजा केला की ७१ येतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त येथे शिते नीट मोजून घेतली आहेत.

युद्ध संपल्यावर जर्मनांची दप्तरे हाती आली आणि निकाल लागला. रगल्स आणि ब्रॉडी या दोघांनी १९४७ साली तो प्रसिद्ध केला. जून १९४० मध्ये हेरखात्याचा अंदाज महिन्याला १,००० रणगाड्यांचा, क्रमांकांवरून काढलेला १६९, आणि प्रत्यक्ष उत्पादन १२२. जून १९४१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १,५५०, २४४ आणि २७१. ऑगस्ट १९४२ मध्ये १,५५०, ३२७ आणि ३४२. श्रोत्यांनी हेरखात्याचा आकडा पाहावा: वर्ष उलटले तरी तो जागचा हललेला नाही. पुढे केवळ दोन पँथर रणगाड्यांच्या चाकांच्या साच्यांवरील क्रमांकांवरून फेब्रुवारी १९४४ चे पँथरचे उत्पादन २७० असावे असे सांगण्यात आले. दप्तरात ते २७६ निघाले. शत्रूने जगासाठी जे सांगितले ते कुचकामाचे ठरले, आणि स्वतःच्या सोयीसाठी जे कोरून ठेवले होते ते खरे निघाले.

साठ-सत्तर वर्षांनी हाच डाव क्लाउडवर खेळला गेला. अॅमेझॉन भाड्याच्या प्रत्येक यंत्राला एक खूणचिठ्ठी देई. तीत आठ अक्षर-अंकांची माळ असे. पाहणाऱ्याला वाटावे, वाटेल तशी अक्षरे टाकली आहेत. २००९ च्या सप्टेंबरात रोझेन नावाच्या संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिले की, या माळेवर केवळ एक ठरावीक मुखवटा चढविलेला आहे. तो उतरविला की आत ओळीने वाढत जाणारा क्रमांक बसलेला आहे. मग काय, दवाखान्यात सकाळी एक टोकन घ्यावे, दुसऱ्या सकाळी दुसरे घ्यावे आणि वजाबाकी करावी, की दिवसात रोगी किती आले ते कळले! रोझेन यांनी असे यंत्र भाड्याने घेतले आणि पुन्हा चोवीस तासांनी घेतले. अमेरिकेच्या पूर्व भागातील अॅमेझॉनच्या एकाच केंद्रसमूहात एका दिवसात सुमारे ५०,००० यंत्रे मागविली गेली होती. ज्यांच्यापाशी जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या, त्यांनी त्या ताडून मागल्या काळातील वाढही काढली. तीन वर्षांपूर्वी जन्मलेल्या धंद्याचे हे पहिले बाहेरून घेतलेले माप. आम्हाला या प्रसंगी गंमत वाटते ती अशी की, मोजदादीला लागलेला खर्च काही तासांच्या भाड्याइतका होता.

परंतु हा आकडा कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. एक यंत्र तासभर भाड्याने घेऊन सोडले तरी त्याला क्रमांक मिळतो, आणि वर्षभर चालविले तरी एकच मिळतो. शिवाय एका खऱ्या सर्व्हरचे अनेक भाग पाडून ते अनेकांना देता येतात. वाड्यात बिऱ्हाडे असतात तसे. म्हणजे रोझेन यांनी मोजली ती जन्मनोंद. जनगणना नव्हे, आणि घरांची गणती तर नव्हेच. गावात वर्षाला पाचशे मुले जन्मली एवढ्यावरून गावात वाडे किती हे कोणी सांगू शकणार नाही.

घरांची गणती केली ती ल्यू या दुसऱ्या संशोधकांनी, मार्च २०१२ मध्ये. त्यांचा मार्ग पत्त्यांचा होता. क्लाउडमधील प्रत्येक यंत्राला एक बाहेरचा पत्ता असे आणि एक आतला. अॅमेझॉनच्या आत भाड्याने घेतलेल्या यंत्रावरून विचारले असता बाहेरच्या नावाचा आतला पत्ता कळे. एका कपाटातील यंत्रांच्या आतल्या पत्त्यांचा पुढचा भाग सारखाच असतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी ज्या ज्या कपाटात निदान एक तरी यंत्र चालू असल्याची खूण मिळाली ती कपाटे मोजली. जगभरात सुमारे ७,१०० कपाटे भरली. त्यांपैकी ५,०३० एकट्या अमेरिकेच्या पूर्व भागातील केंद्रसमूहात. एका कपाटात ६४ सर्व्हर धरले तर एकूण ४,५४,४००. या आकड्याचा त्या वेळी फार गवगवा झाला. परंतु त्यातील ७,१०० हे मोजलेले आहेत आणि ६४ हे धरलेले आहेत, हा भेद वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत उरला नाही. ल्यू यांनी स्वतः तो लपविला नव्हता. गुणाकाराचा हा स्वभावच आहे: एक पाय दगडावर आणि एक वाळूवर असला तरी येणारी संख्या एकसंध दिसते. त्यांच्या मोजदादीतील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग निराळाच. जगभर पसरलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या या मेघाचा सुमारे सत्तर टक्के भाग एकाच ठिकाणी उभा होता, आणि हे गुणोत्तर ६४ च्या ठिकाणी ४० धरले तरी बदलत नाही.

अशा खिडक्या फार दिवस उघड्या राहत नाहीत. २०१६ साली अॅमेझॉनने खूणचिठ्ठीतील माळ सतरा अक्षरांची केली आणि आपले जुने गणित तेथे संपले. मालकांच्या तोंडून अधूनमधून काही निसटे. २०१३ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख बाल्मर म्हणाले, आमच्यापाशी दहा लाखांहून अधिक सर्व्हर आहेत, गूगल आमच्याहून मोठी आहे आणि अॅमेझॉन थोडी लहान. पुढल्या वर्षी अॅमेझॉनचे हॅमिल्टन यांनी सांगितले की, २००४ साली सात अब्ज डॉलरांचा धंदा करणारी सबंध अॅमेझॉन ज्या यंत्रांवर चालत होती, तेवढी यंत्रशक्ती आता आम्ही रोज वाढवितो. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या असतील. पण २००४ ची यंत्रशक्ती किती होती हे कोणालाच ठाऊक नव्हते! म्हशीने दूध किती दिले असे विचारावे आणि “तिच्या आईपेक्षा पुष्कळ” असे उत्तर मिळावे, त्यातला हा प्रकार.

क्रमांक झाकता येतात. वीज झाकणे त्याहून कठीण. विजेवरून अंदाज करण्याचा इतिहास मात्र चुकांनी भरलेला आहे. १९९९ साली ह्यूबर आणि मिल्स या दोघांनी एका अमेरिकन नियतकालिकात लिहिले की, इंटरनेटच देशाची आठ टक्के वीज खात आहे आणि एका दशकात निम्मी वीज याच कामी लागेल. तेव्हा कोळसा अधिक खणा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रवार हिशेब तपासला तेव्हा हा आकडा सुमारे आठपट फुगलेला निघाला. तरीही तो पुढे कित्येक वर्षे भाषणांतून हिंडत राहिला. १९४१ च्या त्या १,५५० ची आठवण यावी. २००७ साली सरकारी अहवालच निघाला: २००६ मध्ये अमेरिकेतील डेटा सेंटरांनी सुमारे ६१ अब्ज युनिट वीज घेतली, आणि असेच चालले तर २०११ पर्यंत ती १०० अब्जांच्या पुढे जाईल. ती गेली नाही. याच प्रयोगशाळेने २०१६ साली काढलेल्या हिशेबात २०१४ चा आकडा ७० अब्ज होता. मंदी आली हे एक कारण. पण मोठे कारण असे की, कचेऱ्यांतील अर्धवट चालणारी यंत्रे जाऊन त्यांचे काम या मोठ्या कोठारांत कमी विजेवर होऊ लागले. ज्या वाढीची भीती होती, तिनेच काही काळ विजेची बचत केली.

२०११ साली गूगलने प्रथमच आपला वीजवापर जाहीर केला: २०१० मध्ये सव्वादोन अब्ज युनिटांहून किंचित अधिक. त्यावरून कूमी यांनी गूगलपाशी सुमारे ९ लाख सर्व्हर असावेत असा अंदाज केला. एका खऱ्या संख्येवरून दुसरी कशी मिळते, त्याचा हा चांगला नमुना होय. त्या उलट २०१२ चा प्रकार. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील मेडन या गावी अॅपलचे नवे डेटा सेंटर सुमारे १०० मेगावॅट वीज घेईल असे ग्रीनपीस संस्थेने म्हटले. जाहीर झालेले भांडवल आणि इतर कंपन्यांचा अनुभव हा तिचा आधार होता. अॅपलने ताबडतोब उत्तर दिले: पूर्ण भरले तरी २० मेगावॅट. पाचपटीची चूक झाली म्हणून ग्रीनपीसला पुष्कळांनी हसून घेतले. आम्ही हसत नाही. भांडवलाच्या आकड्यावर एवढी इमारत चढविणे चूकच होते, कारण त्या भांडवलात इमारत, यंत्रे, आज आणि उद्या, सर्वच येते. पण ती चूक झाली नसती तर २० हा आकडाही बाहेर आला नसता.

आता पाण्याकडे वळू. ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स हे सुमारे सोळा हजार वस्तीचे गाव आहे. नदीवरील धरणांची स्वस्त वीज आणि तिच्यावर चालणारा अॅल्युमिनियमचा कारखाना ही त्याची जुनी ओळख. कारखाना बंद पडला आणि २००६ साली तेथे गूगलचे पहिले मोठे डेटा सेंटर उभे राहिले. गावचे अधिकारी गुप्ततेच्या कराराने बांधलेले. वर्तमानपत्राचे लोक आले तर त्यांना बाहेरून दिसले ते चार मजले उंच शीतकमनोरे. गावाला रोजगार आला, कर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पंधरा वर्षांनी गूगलला आणखी डेटा सेंटरे बांधावयाची झाली, आणि उन्हाळे तर कोरडे होत चालले होते. २०२१ साली ‘द ओरेगोनियन’ या वर्तमानपत्राने नगरपालिकेकडे विचारणा केली की, ही कंपनी आमच्या नळाचे किती पाणी घेते? नगरपालिका म्हणाली, ते कंपनीचे व्यापारी गुपित आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी माहिती द्यावी असा निर्णय दिला, तेव्हा नगरपालिकेने उलट वर्तमानपत्रावरच दावा लावला. वर्षभराहून अधिक काळ हे चालले. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन कागद खुले झाले. पाच वर्षांत वापर जवळजवळ तिप्पट झाला होता आणि गावाच्या एकूण पाण्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग एकट्या कंपनीकडे जात होता.

या सबंध इतिहासात आमच्या मनाला सर्वांत झोंबणारी गोष्ट हीच आहे. रणगाड्यांचा आकडा शत्रूने लपविला होता. चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीने झाकला, तो तिच्या मालकीचाच होता. पण येथे नळ गावाचा, मीटर गावाचे, मीटर वाचणारा नोकरही गावाचा, आणि त्याने लिहून घेतलेला आकडा गावकऱ्यांनाच सांगावयाचा नाही! नावेवरची खूण नावाड्याने पाहिली आणि काठावरच्यांपासून झाकून धरली.

अंदाज फुगतात एवढेच शिकून काही मंडळी थांबली, आणि मग त्यांची चूक दुसऱ्या बाजूला झाली. २०२० च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले होते की, २०१० ते २०१८ या आठ वर्षांत जगातील डेटा सेंटरांचे काम साडेसहापट झाले, पण त्यांची वीज १९४ वरून २०५ अब्ज युनिटांवर, म्हणजे अवघी सहा टक्के चढली. हे खरे होते. परंतु अर्धवट चालणारी जुनी यंत्रे एकदा हलवून झाली की ती बचत पुन्हा होत नाही. आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची भुकेलेली यंत्रे आली. जुलै २०२२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील वीजकंपनीने लाउडन परगण्यातील डेटा सेंटरवाल्यांना कळविले की, नव्या मागण्यांना पुरेल एवढी वीज वाहून आणणाऱ्या तारा कदाचित २०२६ पर्यंत मिळणार नाहीत. ल्यू यांच्या ७,१०० कपाटांपैकी बहुसंख्य ज्या भागात होती, तोच हा भाग. बर्कलीच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले की, २०२३ साली अमेरिकेतील डेटा सेंटरांनी १७६ अब्ज युनिट, देशाच्या विजेच्या ४.४ टक्के, घेतले. २०२८ साली हा हिस्सा ६.७ ते १२ टक्के असेल. या दोन टोकांमधील अंतर पाहून कोणी नाक मुरडतील. आम्हाला तो या लांबलचक इतिहासातील सर्वांत प्रामाणिक अंदाज वाटतो, कारण आपण कोठवर पाहू शकतो हे तो लपवीत नाही. शिवाय एकच कंपनी एकाच इमारतीसाठी तीन-चार वीजकंपन्यांकडे अर्ज टाकून ठेवते, त्यामुळे मागणीची बेरीजही फुगते, हे वीजखात्याच्या लोकांना आता कळून चुकले आहे.

आजचे मोजणारे आकाशातून पाहतात. आत घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडावीच लागते, आणि ती काढणारे पंखे छपरावर असतात. उपग्रहाच्या छायाचित्रांत ते मोजता येतात. अमेरिकेत डिझेल जनरेटर बसवावयाचा तर धुरासाठी परवाना लागतो, आणि तो परवाना सार्वजनिक दप्तरात पडतो. त्यावरूनही हिशेब बांधतात. जनरेटर काही राखीव असतात, काही कधी चालतच नाहीत, म्हणून तेथेही कोणते मोजलेले आणि कोणते धरलेले हे विचारावेच लागते.

हे सारे परदेशचे म्हणून सोडून द्यावयाचे तर तसेही नाही. अॅमेझॉनची मुंबईची केंद्रे २०१६ च्या जूनमध्ये उघडली. त्यानंतर इतरांचीही आली. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की ऐरोली, रबाळे, घणसोली या पट्ट्यात, जेथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तेथे आता अशा बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. मागे आम्ही त्या बाजूस गेलो होतो, तेव्हा एका इमारतीच्या मागील बाजूस ओळीने उभी असलेली जनरेटरांची धुराडी मोजावयास लागलो. अकरा मोजून झाली, तोवर मध्ये दुसरी गाडी आडवी आली, आणि ती सरली तेव्हा घणसोली स्टेशन लागले होते.